कळपाबाहेरची कालवड

"रिकामी," उर्मिला म्हणाली, आणि क्रेगने त्या गाईच्या पाठीवर निळ्या रंगाचा फराटा ओढला.

सकाळपासून हा शब्द तिने इतक्यांदा उच्चारला होता, की आता तो तोंडातून काढायचीच तिला चोरी वाटायला लागली होती. मार्च सरत आला होता. वेलिंग्टनच्या उत्तरेला, ओटाकी गावामागच्या डोंगरातलं ते शेत, वर अंगाला झोंबणारा वारा. एकेक गाय लोखंडी खोड्यात येऊन उभी राहायची, उर्मिला खांद्यापर्यंत मोजा चढवलेला हात सोनोग्राफीच्या यंत्राचं टोक धरून आत घालायची आणि डोळ्यांवर बांधलेल्या छोट्या पडद्यावर गर्भाशयाचं करडं चित्र उमटायचं. गाभण असेल तर काळ्या पाण्यात तरंगणारं इवलंसं वासरू दिसायचं. नसेल तर काहीच नाही. अशा कळपात थोड्याफार गाई दरवर्षी रिकाम्या निघतातच, पण इथे दर चौथी गाय रिकामी निघत होती.

शेताची मालकीण नोएलीन टकर कुंपणाला रेलून बघत होती. सत्तरीला टेकलेली काटक बाई. तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या हिअरफर्ड गाई तिने आणि तिच्या नवऱ्याने, रेने, चाळीस वर्षं निवडून निवडून वाढवल्या होत्या. अडल्याशिवाय विणाऱ्या, गरीब स्वभावाच्या, डोंगरातल्या चरबट गवतावरही अंग धरणाऱ्या. तिची वासरं घ्यायला लोक लांबून यायचे. रे वारला त्याला सव्वा वर्ष झालं होतं. आता शेत ती आणि तिचा मुलगा क्रेग बघत.

शेवटची गाय खोड्यातून सुटली तेव्हा क्रेगने रंगाचा डबा जमिनीवर आपटला.

"तो नवा वळूच बोगस आहे. उद्याच त्याला खाटकाच्या ट्रकमध्ये घालतो."

"आधी तपासू तर दे," उर्मिला म्हणाली.

तिने वळू तपासला. पाय, डोळे, वृषणं, आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं वीर्य. सगळं ठणठणीत होतं. तिने क्रेगलाही भिंगातून बघायला लावलं. खाली नुसती जत्रा भरली होती.

"वळू बिचारा निर्दोष आहे," ती म्हणाली. "गाईंना गाभ राहिला होता, पण तो टिकला नाही. मला बीव्हीडीची, त्या गाभ पाडणाऱ्या विषाणूची, शंका येते. रक्त काढूया."

बीव्हीडी हे नाव ऐकताच नोएलीनने मान हलवली. "शक्यच नाही. आमचा प्रत्येक वळू तपासून घेतलेला असतो. वळू सोडले तर बाहेरचं जनावर गेली वीस वर्षं या फाटकातून आत आलेलं नाही."

"तरीही काढूया," उर्मिला म्हणाली.

हा तिचा 'तरीही' दवाखान्यात सगळ्यांना माहीत झाला होता. उर्मिला मूळची फलटणजवळची. शिरवळला पशुवैद्यकाची पदवी घेतली, सहा वर्षं गावोगाव फिरून म्हशींची वार काढली, अडलेल्या गाई सोडवल्या. मग देवदत्तशी लग्न झालं आणि त्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागे ती वेलिंग्टनला आली. इथे डॉक्टर म्हणून उभं राहायचं तर इथली परीक्षा द्यावी लागते. पहिल्यांदा ती नापास झाली. 'आता दुसरं काहीतरी कर,' असं सगळ्यांनी सांगितलं, तरी ती पुन्हा बसली आणि पास झाली. पोरिरुआच्या भाड्याच्या घरातून रोज गाडी हाकत उत्तरेला यायचं आणि गुरांच्या दवाखान्यात काम करायचं, हे तिने हट्टाने मिळवलेलं होतं.

पण त्या दिवसांत घरी या कामावरूनच वाजत होतं. तिची आई, राजश्रीताई, फलटणहून सहा महिन्यांसाठी आली होती. लेक गाईंची डॉक्टर आहे हे ती भावकीत अभिमानाने सांगत असे. त्या गाई दुधाच्या नाहीत, मांसाच्या आहेत, हे तिला इथे आल्यावर कळलं, तेही नातीकडून. नऊ वर्षांच्या सिद्धीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. "Aaji, they're beef cows. Mum keeps them healthy so they can have heaps of babies," असं तिने सहज सांगून टाकलं.

त्या रात्री राजश्रीताई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "म्हणजे खाटकाच्या दावणीची चाकरी करतेस तू."

"आई, मी जनावराचं दुखणं बघते."

"आणि ते बरं झालं की?"

उर्मिलाने विसळलेलं ताट पुसून फळीवर ठेवलं.

पोरिरुआतच कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात एक जागा रिकामी झाली होती. घरापासून हाकेच्या अंतरावर, ठरलेल्या वेळेचं काम. देवदत्त म्हणाला, "विचार तर कर. आईंना बरं वाटेल, तुझी रोजची रपेट वाचेल, आणि सिद्धीला शाळेतून आणायला मला ट्रेन गाठत पळावं लागणार नाही." तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणूनच तिला जास्त राग आला.

"आधी टकरांच्या गाईंचं निस्तरू दे," ती म्हणाली.

रक्ताचा निकाल आला. विषाणू कळपात नुकताच फिरून गेला होता. उर्मिला नोएलीनच्या ओट्यावर बसली आणि तिने नीट समजावून सांगितलं. गाय गाभण राहून दोन-तीन महिनेच झालेले असताना तिला हा रोग झाला, तर कधी गर्भ जातो आणि कधी टिकतो. जो टिकतो त्याची गंमत अशी, की पोटातल्या वासराला तो विषाणू आपलाच वाटतो. ते त्याच्याशी कधी लढत नाही. जन्माला येतं ते विषाणू घेऊनच, आणि मग मरेपर्यंत नाकातून, लाळेतून, शेणातून तो सांडत राहतं. वरून बघावं तर धडधाकट.

"असं एखादं जनावर तुमच्याकडे कुठेतरी आहे. ते सापडल्याशिवाय पुढच्या वर्षीही हेच होणार. प्रत्येक गुराच्या कानाचा तुकडा काढून तपासायचा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक."

क्रेग वैतागला. सगळी गुरं पुन्हा डोंगरावरून उतरवायची म्हणजे काय खायचं काम होतं? पण नोएलीनने हो म्हटलं. एप्रिलच्या, म्हणजे इकडच्या हिवाळ्याच्या तोंडावरच्या, एका थंड सकाळी कुत्री भुंकायला लागली, क्रेगची बाइक घरघरत वर गेली आणि कळप खाली आला. कळपाच्या पुढे बादली हलवत नोएलीन चालत होती, आणि तिच्या बादलीला जवळजवळ नाक लावून एक तरणी कालवड. ती पुढे, तिच्या मागे सगळ्या गाई. यार्डाच्या, म्हणजे गुरं कोंडायच्या आवाराच्या, तोंडाशी नोएलीनने बाजूचं फाटक उघडलं, कालवडीला घराकडे घातलं आणि बाकीचा कळप आत लोटला. उर्मिला मोजे चढवत होती. तिने ते पाहिलं आणि 'काय गोड आहे' एवढंच मनात आलं.

दिवसभर चिमट्याने कानाचे तुकडे निघत राहिले. गाई, वासरं, वळू, सगळी. आठवड्याने निकाल आले. एकाही जनावरात विषाणू नव्हता.

दवाखान्याचा मालक ब्रूस म्हातारा आणि शहाणा माणूस होता. तो म्हणाला, "शेजारच्या कुंपणावरून आला असेल आणि निघून गेला असेल. होतं असं. सोड आता."

उर्मिलाला ते पटेना. टकरांच्या शेताला लागून एका बाजूला नदी होती, दुसऱ्या बाजूला पाइनचं जंगल. कुंपणापलीकडे गुरंच नव्हती, तर विषाणू काय पाइनच्या झाडावरून उतरला? शनिवारी तिला सुट्टी होती. "जरा जाऊन येते," म्हणून ती निघाली.

नोएलीनने चहा केला. दोघी घरामागच्या ओट्यावर बसल्या. बोलता बोलता कुंपणावरून एक पांढरं तोंड पुढे आलं आणि खरखरीत जिभेने उर्मिलाची बाही चाटायला लागलं. तीच कालवड. उर्मिलाने तिच्या कपाळावर खाजवलं, मग सवयीने कान हातात धरला. पिवळा बिल्ला होता. कानाची कड मात्र अखंड होती. तुकडा काढल्याची खूण नव्हती. दुसराही कान तसाच, अखंड.

उर्मिलाने हात काढून घेतला.

"नोएलीन, ही कुठली?"

नोएलीन कपाकडे बघत राहिली.

"ही जिंजर. कळपातली नाही ही."

"कुठून आणली?"

"आणली नाही. मिळाली. वरच्या खोऱ्यातल्या एकाने शेत विकलं तेव्हा हिची आई विताना मेली होती. रेने हिला गाडीत पुढच्या सीटवर बसवून आणलं. तेव्हा त्याची केमो चालू होती. त्याला अन्न जात नव्हतं, पण दिवसातून चारदा उठून हिला बाटली पाजायचा. हिच्यासाठी उठायचा तो. नाहीतर उठलाच नसता."

"उन्हाळ्यात ही गाईंबरोबर होती?"

"डिसेंबरात सोडली. वळूही त्याच पॅडकमध्ये, त्याच कुरणात होता." नोएलीनचा आवाज बारीक झाला. "त्या दिवशी तू म्हणालीस ना, प्रत्येक म्हणजे प्रत्येक. तेव्हाच मला हिची शंका आली. म्हणून तर तिला बाजूच्या फाटकाने काढली."

जिंजर कुंपणावर मान घासत होती.

"मला तपासावं लागेल," उर्मिला म्हणाली.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी पुढच्या शनिवारी येईन. त्याच्या पुढच्याही येईन. तुमच्या गाई माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत, नोएलीन. वसंतात त्या वितील, आणि त्यांच्या पोटातली काही वासरं हिच्यासारखीच होऊन बाहेर पडतील. मग ती बाजारात जातील. तुमच्या नावावर लोक वासरं नेतात. ती दुसऱ्याच्या कळपात जाऊन हेच करतील."

नोएलीन उठून आत गेली. उर्मिलाला वाटलं, संपलं. पण ती बादली घेऊन बाहेर आली, फाटक उघडलं, आणि जिंजर बादलीमागे चालत स्वतःच खोड्यात जाऊन उभी राहिली.

निकाल आला तो विषाणू असल्याचा. एकदा आढळला म्हणजे कायमचाच असं नसतं, म्हणून तीन आठवडे थांबून पुन्हा तपासणी करावी लागते. ते तीन आठवडे जिंजर एकटी, लांबच्या पॅडकमध्ये राहिली. दुसरा निकालही तोच आला. आणि ती गाभण होती.

उर्मिला हे फोनवर सांगू शकली असती. ती गेली. क्रेग आणि नोएलीन दोघंही स्वयंपाकघरात होते.

"ट्रक बोलावतो," क्रेग म्हणाला. "मांसाला काही अपाय नाही ना?"

"नाही. माणसांना हा रोग होत नाही."

"ट्रकमध्ये नाही," नोएलीन म्हणाली. मग ती उर्मिलाकडे वळली, आणि तिचे डोळे एकदम पेटले. "तू तर हिंदू ना? तुम्ही लोक गाईला देव मानता. आणि तू मला सांगतेस हिला मारा? ती चरते आहे, रवंथ करते आहे, तिला कसलंही दुखणं नाही. तिला तिथे लांब एकटी ठेवते मी. तुझं काय जातं?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे उर्मिलाला ठाऊक होतं.

"मानतो," ती म्हणाली. "माझी आई अजून गाईला घास घातल्याशिवाय जेवत नाही. मला हे सोपं आहे असं समजू नका. पण मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. ही फार जगणार नाही. अशी बहुतेक जनावरं दोन-तीन वर्षांत जातात. तोंडात, आतड्यात जखमा होतात, खाता येत नाही, रक्ताची हगवण लागते. मी एक पाहिली आहे तशी मरताना. आणि त्याच्या आधी ही विणार, आणि तिचं वासरू नक्की हिच्यासारखंच असणार, त्यात शंकाच नाही. गाय तुम्हा-आम्हाला आवडते म्हणून तिला ते भोगायला लावायचं का? बाकीच्या शंभर गाई, त्या कोणाच्या आहेत?"

नोएलीनने टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले. त्या हातांवरच्या शिरा उर्मिलाला स्पष्ट दिसत होत्या.

"इथेच," शेवटी ती म्हणाली. "घरामागे. इंजेक्शनने. आणि तू करायचंस. दुसरं कोणी नको."

दवाखान्यात परतल्यावर ब्रूसने विचारलं, "मी जाऊ का? तुझ्या धर्मात हे किती अवघड असेल, मला कल्पना आहे. कोणी तुला नावं ठेवणार नाही."

"थँक्स, ब्रूस. पण सांगितलं मी. करणार मीच," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी निघण्याआधी ती स्वयंपाकघरात उभी राहून चहा पीत होती. राजश्रीताई पोळ्या लाटत होत्या. उर्मिलाच्या मनात होतं, सांगू नये. पण मांसाच्या गाईंचं लपवून ठेवल्यावर काय झालं ते तिने पाहिलं होतं. तिने सगळं सांगितलं, कालवड गाभण आहे हेसुद्धा.

राजश्रीताईंचं लाटणं थांबलं.

"गोहत्या," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, भीती होती. "उर्मे, गाभण गाय. तुझ्या हाताने."

"हो, आई."

"दुसऱ्या कुणाला सांग ना ग. तो तुझा साहेब आहे."

"त्याने केलं म्हणून ते माझ्या माथ्यावरून जाईल? तपासली मी, सांगितलं मी. सुई तेवढी दुसऱ्याच्या हाती देऊन मी सोवळी राहू?"

राजश्रीताईंनी तोंड फिरवलं. पोळी तव्यावर तशीच करपली.

शेतावर वारा पडला होता. क्रेगने घरामागच्या चढावर खड्डा खणून ठेवला होता, आणि तो डोक्यावरची टोपी हातात घेऊन लांब उभा होता. नोएलीन जिंजरचं डोकं धरून होती. उर्मिलाने आधी गुंगीचं औषध दिलं. कालवडीचे पाय हळूहळू वाकले आणि ती गवतात बसली, रवंथ करायला बसावी तशी. उर्मिलाने मानेवरची शीर अंगठ्याने दाबून फुगवली. तिने मनातल्या मनात काही म्हटलं, ते देवाला म्हटलं की गाईला हे तिलाही सांगता आलं नसतं, आणि सुई आत घातली. औषध भरभर गेलं. जिंजरने एक लांब श्वास सोडला आणि तिची मान नोएलीनच्या मांडीवर जड झाली.

उर्मिलाने स्टेथोस्कोप लावून ठोका थांबल्याची खात्री केली. नंतर पोटावर लावला, आणि आतही सगळं शांत होईपर्यंत ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. मग उठली, आणि गाडीमागे जाऊन भडभडून ओकली. क्रेगने पाण्याची बाटली आणून दिली.

घरी आल्यावर दारातच राजश्रीताईंनी तिला थांबवलं. बादलीभर कढत पाणी काढून ठेवलं होतं. "आधी डोक्यावरून नाहा," म्हणाल्या. न्हाऊन आल्यावर त्यांनी पिठलं-भात वाढला आणि शेजारी बसल्या.

"मला हे पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मरेपर्यंत पटायचं नाही. पण तू घाबरून पळाली असतीस तर तेही मला आवडलं नसतं. जेव आता."

उर्मिलाला घास जाईना. राजश्रीताई हलल्या नाहीत. शेवटी तिने ताट संपवलं.

त्याच आठवड्यात तिने पोरिरुआच्या दवाखान्याला नकार कळवला. देवदत्तने आपल्या ऑफिसात बोलून आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागून घेतलं, म्हणजे सिद्धीची शाळा सांभाळता येईल. "तू काही ऐकणार नाहीस हे मला आधीच कळायला हवं होतं," तो म्हणाला, आणि हसला.

काम मात्र संपलं नव्हतं. सप्टेंबरपासून गाई विऊ लागल्या. उर्मिलाने आधीच बजावून ठेवलं होतं: जन्मलेल्या प्रत्येक वासराच्या कानाचा तुकडा हवा, तोही वळू पुन्हा कळपात सोडायच्या आत. पावसात, चिखलात, आईची धडक चुकवत क्रेग एकेक वासरू पकडायचा आणि नोएलीन चिमटा चालवायची. तीन वासरं जिंजरसारखी निघाली. तिन्ही गुटगुटीत, उड्या मारणारी. या खेपेला नोएलीनने कोणाला सांगायला लावलं नाही. तिने स्वतःच फोन केला, "ये. आज ये."

वळू पुन्हा सुटण्याआधी सगळ्या गाईंना लस दिली गेली. डिसेंबर आला, गेला. राजश्रीताई फलटणला परतून मोबाइलवरून रोज विचारायला लागल्या, "त्या बाईच्या गाईंचं काय झालं ग?" उर्मिला म्हणायची, "मार्चशिवाय कळायचं नाही."

मार्चमध्ये ती पुन्हा त्या खोड्यामागे उभी राहिली. हात आत, डोळ्यांवर पडदा. पहिली गाय गाभण. दुसरी गाभण. मग ओळीने गाभणच. दुपारपर्यंत क्रेगच्या हातातल्या रंगाला फारसं काम उरलं नाही. रिकाम्या निघाल्या त्या चारच, आणि त्यातल्या दोन तर म्हाताऱ्या होत्या. उर्मिलाने पडदा काढला तेव्हा तिच्या डोळ्यांना वाऱ्याने पाणी आलं होतं, निदान तिने तसं सांगितलं.

"स्वीट ॲज," क्रेग म्हणाला. त्याच्याकडून ही फार मोठी शाबासकी होती.

नोएलीनने थर्मासमधून चहा ओतला आणि कप उर्मिलाच्या हातात दिला.

"नदीपलीकडे एकाचं शेत आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षी त्याच्याही गाई रिकाम्या निघाल्या. तो म्हणतो, गवत कमी पडलं. मी त्याला सांगितलं, गवताचं नाव नको सांगूस, एका बाईला बोलाव. हट्टी आहे. ऐकणार नाही पहिल्यांदा."

"नंबर आहे त्याचा?" उर्मिलाने विचारलं.

नोएलीनने तिथेच, यार्डात उभ्या उभ्या, फोन लावून दिला.